काळबांडे बाईंवरचा खटला

काळबांडे बाई बोलण्याआधी समोरच्याच्या हातात काहीतरी ठेवत. नमस्कार-चमत्कार मागाहून. मी शाळेत रुजू व्हायला गेलो त्या दिवशी मुख्याध्यापक मंगरूळपीरला कचेरीत गेले होते आणि शिक्षकांच्या खोलीत या एकट्याच बसलेल्या होत्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी म्हटलं, "मी इंगळे. गणिताला आलोय." त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, टेबलाच्या खणातून कपाशीचं एक वाळलेलं, उमललेलं बोंड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाल्या, "यातली सरकी काढा."

मला वाटलं, इथली रीतच असेल. नवीन नोकरी, कोण नाही म्हणतो? मी नखांनी कापूस सोडवायला लागलो. मी धनजचा, कापूस वेचण्यात माझं अर्धं बालपण गेलेलं. पण वेचणं वेगळं आणि सरकीपासून तंतू सोडवणं वेगळं. तो कापूस सरकीला असा धरून बसतो की सोडायचं नावच घेत नाही. इकडे बाईंनी इतिहासाचं पुस्तक उघडलं आणि एक ओळ खणखणीत आवाजात वाचली, "अमेरिकेत कापसाच्या मळ्यांवर गुलाम राबत असत." मग पुस्तक मिटून मला विचारलं, "झालं माहं वाचून. तुमची एक सरकी तरी निघाली काय?"

निघाली नव्हती.

"पाहा आता," बाई म्हणाल्या, "ज्याच्यात मानसायची जिनगानी गेली, ते पुस्तकात एका दमात संपते. म्हनून मी पोरायच्या हातात आधी बोंड देते, मंग पुस्तक. बसा. चहा घेता?"

अशी आमची ओळख झाली. त्या वेळी त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या आणि मी पंचविशीतला. जिल्हा परिषदेची आमची शाळा मंगरूळपीरहून कारंज्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात होती. बाई इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवीत. हे दोन्ही विषय म्हणजे पोरांच्या झोपेची सोय, असा आमच्याकडे सर्वत्र समज होता. बाईंच्या तासाला मात्र कोणी झोपू शकत नसे, कारण बाईंचा तास वर्गात नसेच मुळी.

शाळेच्या मागे एका व्यापाऱ्याने सोडून दिलेली टिनाची खोली होती. एके काळी तिच्यात कापूस भरून ठेवत. बाईंनी ती मागून मागून, मुख्याध्यापकांचा जीव खाऊन शाळेसाठी मिळवली होती. आत शिरलं की सरकीचा जुना तेलकट वास येई. तिथे एक लाकडी रेचा होता, हाताने फिरवून सरकी वेगळी करायचा. धान्य मोजायची पायली, अधोली होती. हात मोडलेली एक खुर्ची होती, तिच्या पाठीवर खडूने 'न्यायाधीश' लिहिलेलं. मतपेटी म्हणून गोड्या तेलाचा एक डबा होता, वर फट पाडलेला. एका पिशवीत चिंचोके होते, ते या राज्याचं नाणं. आणि दारावर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात पाटी होती: 'संग्रहालय. प्रत्येक वस्तूला हात लावावा.'

ती पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दारातच थबकलो. आम्ही छप्पन साली बौद्ध झालेल्या घरची माणसं. लहानपणी 'हात लावू नको' हे मी इतक्या तोंडांतून, इतक्या वस्तूंबद्दल ऐकलं होतं की त्याच्या उलट वाक्य असं पाटीवर रंगवता येतं, हेच मला नवं होतं. मला खरोखरच भरून आलं. बाईंना मी तसं सांगितलं नाही. पण त्यांनी पाहिलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी मला रेचा बराच वेळ फिरवू दिला आणि स्वतः गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं ही दुर्मिळ गोष्ट होती.

ही पाटी कशी सुचली ते त्या रंगवून सांगत. एकदा मोठ्या शहरात गेल्या असताना त्या एक संग्रहालय बघायला गेल्या. काचेच्या कपाटात कुठल्याशा राजाची तलवार होती. बाईंनी काचेला बोट लावलं तर पहारेकरी अंगावर धावून आला. बाई सांगत, "काचंच्या आत राजा अन् काचंच्या बायेर आपुन. मंग म्या म्हनलं, राजा गेला तं काय फरक पडला बाप्पा? काच तं हायच नं अजून!"

आता चहाची गोष्ट सांगतो, म्हणजे बाईंचं शिकवणं कसं होतं ते कळेल. आठवीला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा होता. इंग्रजांनी चहावर कर बसवला, तिथल्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, वगैरे. बाईंनी काय केलं, आठवड्याभरासाठी नववीच्या पोरांना पार्लमेंट केलं आणि आठवीला वसाहत. आठवीच्या पोरांनी पाणी प्यायला जायचं तर एक चिंचोका कर, खेळायला जायचं तर दोन. कर किती, ते नववी ठरवणार. नववीला चेव आला. रोज कर वाढायला लागला. आठवीची पोरं येऊन भांडायला लागली, "आमाले न इचारता कर कायले?" बाई म्हणत, "मले काय इचारता? मी तं इंग्लंडात राह्यते."

शनिवारी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार म्हणून शिपायाने चांगल्या चहाची पुडी आणून ठेवली होती. आठवीच्या पोरांनी ती पुडी पळवली आणि गावच्या गुरांच्या हौदात, जयघोष करून, सगळीच्या सगळी ओतली. इकडे साहेब खुर्चीत बसलेले, शिपाई चहा शोधतोय, आणि तिकडे बैल हौदाला तोंड लावून फुरफुरत मागे सरकतायत. बैलांचे धनी शाळेत आले. मुख्याध्यापकांना घाम फुटला. बाई मात्र हौदाकाठी उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या, इतकं हसू त्यांना आलं होतं. साहेबांना त्या म्हणाल्या, "साहेब, चहा नाही भेटनार तुमाले, पन धडा पुरा झाला." हौद मग पोरांनी आणि बाईंनी मिळून उपसला.

'न इचारता' हा त्यांचा परवलीचा शब्द होता. लोकशाहीची व्याख्या विचारली की त्या पुस्तकातलं काही सांगत नसत. म्हणत, "दुसऱ्याच्या आंगावरून जाच्या आधी त्याले इचारनं, याले म्हनतेत लोकशाही. बाकी सारं कागदपत्र." एकदा मी सहज विचारलं, बाई, तुम्हाला हे इतकं का लागून राहिलंय? त्या रिठदच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. म्हणाल्या, "लगन झालं तवा मले कोनं इचारलं? नवरा गेला, कपाळ पुसलं, तवा तरी कोनं इचारलं? पयल्यांदा मले इचारलं ते मास्तरनी करनाऱ्या नॉर्मल स्कूलच्या बाईनं. शिकतं काय म्हने. मी तं दोन मिनिटं बोललीच नाही. इचारते म्हंजे काय करते, हेच मले समजलं नाही." एवढं सांगून त्यांनी लगेच माझ्या हातात पायली दिली आणि ती कुठे ठेवायची ते सांगितलं. स्वतःबद्दल त्या याहून जास्त कधी बोलल्या नाहीत.

त्र्याहत्तर साली आठवीच्या वर्गाने स्वतःची राज्यघटना केली. "आम्ही आठवीचे लोक" अशी तिची सुरुवात होती. आपल्या घटनेची सुरुवात आणि अमेरिकेच्या घटनेची सुरुवात, दोन्ही कशा 'आम्ही लोक' अशाच होतात, हे बाईंनी पोरांना दाखवलं होतं. त्या घटनेत एक कलम बाईंनी हट्टाने घालायला लावलं. कायदा सगळ्यांना सारखा, बाईंनाही. कोणावरही खटला भरता येईल, बाईंवरही. पोरं हसली होती. बाईंवर कोण कशाला खटला भरेल?

त्याच वर्षी बाईंनी 'चिठ्ठीचं गाव' हा खेळ सुरू केला. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. पुस्तकात गुलामगिरीची एक ओळ होती, तशीच अस्पृश्यता नष्ट करण्यात आली अशीही एक ओळ होती. बाईंना ती ओळ टोचत असे. त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या: पाटील, वाणी, सुतार, आणि एक 'गावाबाहेरचा'. जमिनीवर चुन्याची रेघ ओढली. डब्यातून जी चिठ्ठी निघेल ते तुम्ही, तासभर. जन्म जसा न विचारता मिळतो, तशी चिठ्ठी. ज्याला गावाबाहेरची निघेल त्याने रेघेपलीकडे उभं राहायचं, आणि पाणी हवं तर ओंजळ करायची, वरून दुसरा ओतणार. दोन-तीनदा खेळ झाला. ज्यांना ती चिठ्ठी निघाली ती कुणब्यांची, देशमुखांची पोरं होती. त्यांना पाणी पिता येईना, सदरा भिजला, पोरं खिदळली, आणि मग हळूहळू गप्प झाली. बाई म्हणत, "आता लिवा, कसं वाटलं ते." त्या पोरांनी जे लिहिलं ते मी वाचलंय. खेळ वाया गेला नव्हता.

मग एक दिवस ती चिठ्ठी सुजाता मनवरला निघाली.

सुजाता आमच्या वस्तीतली, मी ज्या गल्लीत भाड्याने राहत होतो तिथलीच. तिचे वडील किसनभाऊ मंगरूळपीरला जिनिंगमध्ये हमाली करत. पोरगी अभ्यासात तेज, गणितात तर वर्गात पहिली. त्या तासाला मी सहज खोलीत डोकावलो होतो. तिने चिठ्ठी उघडली, वाचली, घडी घालून परत डब्यात टाकली. आणि रेघेपलीकडे जाऊन उभी राहिली. पाणी ओतायची वेळ आली तेव्हा ती खाली वाकली, कोपरं अंगाशी घेतली, ओंजळ तोंडाला लावली आणि एक थेंब न सांडता पाणी प्याली.

बाकीच्या पोरांना जमलं नव्हतं. तिला कोणी शिकवलं होतं? तिने आजीला पाहिलं असेल, किंवा कोणाकोणाला. वर्गात एकही पोरगं हसलं नाही. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी खेळ थांबवला नाही. घंटा झाली, सुजाताने दप्तर उचललं आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी किसनभाऊ मला गल्लीत भेटले, म्हणाले, "मास्तर, पोरगी नाही येनार आता. हेच शिकाचं असन तं आमच्या घरी शिकवाले मानसं हायेत."

मी बाईंवर भडकलो. त्यांच्यापेक्षा वयाने इतका लहान, तरी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, बाई, तुमच्यासाठी तो खेळ आहे. बाईंनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, त्या खुलासा देतील, चिठ्ठी कोणालाही निघू शकते असं म्हणतील. त्या एवढंच म्हणाल्या, "चाला, तिच्या घरी जाऊ. तुमी संगं या. मी एकली गेली तं थे मानूस तोंडावर 'नाही' म्हननार नाही, अन् मले त्याचं 'नाही' आयकाचं हाय."

किसनभाऊ ओट्यावर बसले होते. आम्हाला पाहून उठले, बाज टाकली. सुजाता दाराआड होती. बाई बसल्या. किसनभाऊ शांतपणे म्हणाले, "बाई, पानी पिऊन दाखवाले आल्या असान तं राहू द्या. लय जन पिऊन गेले."

बाई म्हणाल्या, "नाही. मी चुकली हे सांगाले आली."

"चुकल्या तं चुकल्या. तुमी खेळ खेळून राह्यल्या. घंटा झाली का तुमचे पोट्टे रेघीच्या आत येतेत. आमच्यासाठी घंटा कोनं वाजवली होती? आमी पुसली थे रेघ. आमच्या बापानं गावकीचं काम सोडलं तवा गावानं पीठ बंद केलं होतं. अन् तुमी थे चुन्यानं पुन्ना ओढली, तेबी शाळंत."

किसनभाऊंचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. बाई खाली बघत होत्या. मग त्यांनी दाराकडे पाहून हाक मारली, "सुजाता, माय, बायेर ये. तू सांग, काय करू मी? माफी मांग म्हनशीन तं मांगते. नोकरी सोड म्हनशीन तं तेबी सोडते. पन शाळा सोडू नको."

सुजाता बाहेर आली. पोरीचे डोळे सुजलेले होते, पण आवाज स्पष्ट होता. "माफी नको, बाई. घटनेत कलम हाय. खटला चालवा."

बाई बाजेवरून उठल्या. मग म्हणाल्या, "बरं. शनवारी."

ही बातमी मुख्याध्यापकांना कळली तेव्हा ते माझ्याकडे धावत आले. "इंगळे, यांना समजवा. पोरं शिक्षिकेवर खटला भरतात म्हणजे काय? वरती कळलं तर?" बाई मागूनच आल्या होत्या. म्हणाल्या, "वरती कळाले पाजेच साहेब. खालती कळून काय फायदा?"

शनिवारी ती टिनाची खोली माणसांनी भरून गेली. न्यायाधीश म्हणून वर्गाने गजानन राऊतला निवडलं. हा एरवी वर्गात तोंड न उघडणारा, शेतात राबून दुपारी डुलक्या घेणारा पोरगा. त्याला का निवडलं म्हणून मी विचारलं तर पोरं म्हणाली, तो कोणाच्याच बाजूने बोलत नाही. गजानन त्या मोडक्या खुर्चीत ताठ बसला. किसनभाऊ अर्ध्या पाळीची सुटी काढून आले होते आणि दाराबाहेर उभे होते. गजाननने त्यांना पाहिलं. "काका, अंदर या, बसा. न्यायालय उघडं असते," तो म्हणाला. किसनभाऊ आत येऊन भिंतीशी बसले.

बाई आरोपीच्या जागी, म्हणजे पायलीच्या शेजारी उभ्या होत्या. गजाननने आरोप वाचताच त्या म्हणाल्या, "गुन्हा कबूल हाय मले."

सुजाता उठली. "साहेब, कबूल केलं म्हनून संपत नाही. आधी मले इचारू द्या. बाईनंच शिकवलं."

"इचार," गजानन म्हणाला.

"चिठ्ठ्या कोनं लिवल्या?"

"म्या," बाई म्हणाल्या.

"डबा कोनाच्या हातात होता?"

"माह्या."

"तुमी कधी चिठ्ठी काढली काय त्याच्यातून?"

बाईंना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. त्या थांबून म्हणाल्या, "नाही. म्या कधीच नाही काढली."

"मले थे चिठ्ठी निघाली हे तुमाले दिसलं होतं. खेळ थांबवला काहून नाही?"

"मले वाटलं, थांबवला तं तुले वायलं काढल्यासारखं होईन. चिठ्ठी सगळ्यायले सारखी. कायदा सगळ्यायले सारखा."

सुजाता म्हणाली, "चिठ्ठी सारखी होती, बाई. आमी सारखे नव्हतो. त्यायच्यासाठी थे नवं होतं. माह्यासाठी जुनं होतं. मले खेळाचं हाय का नाही, हे तुमी एकदा तरी इचाराचं होतं."

बाईंनी चष्मा काढला. दोऱ्याने बांधलेली काडी त्यांच्या बोटात अडकली, ती त्यांना सोडवता येईना. मी इतकी वर्षं शाळांमधून काढली, पुढे मुख्याध्यापक झालो, निवृत्त झालो. पण एका माणसाला आपली चूक समजणं म्हणजे काय असतं, ते इतक्या जवळून मी पुन्हा पाहिलं नाही. त्या ऐकत होत्या. शिक्षक मंडळी ऐकत नसतात, आमची ती खोडच आहे. त्या ऐकत होत्या आणि ते त्यांना दुखत होतं.

मग शिक्षेचा विचार सुरू झाला. कोणी म्हणालं चिंचोक्यांचा दंड करा. कोणी म्हणालं कान धरायला लावा. मागून एक पोरगा म्हणाला, "बाईले रेघीच्या बायेर उभं करा. वरतून पानी पाजा." खोलीत गलका झाला. बाई लगेच म्हणाल्या, "मी तयार हाय." त्या खरंच दाराकडे निघाल्या होत्या.

"नाही," सुजाता ओरडली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मंग रेघ राह्यलीच नं! मले कोनालेच तथी उभं नाही कराचं." तिने दम घेतला. "बाईनं मले इचारलं नाही. तं आता बाईनं इचाराचं. ह्या खोलीत याच्या आधी दारात थांबून इचाराचं, येऊ काय म्हनून. आमी 'या' म्हनलं का मंगच अंदर याचं. दिवाळीवरी."

तेलाच्या डब्यात मतं पडली. एक सोडून सगळी सुजाताच्या बाजूने. ते एक मत कोणाचं, हे पोरं शोधायला निघाली तेव्हा आरोपी बाईंनीच त्यांना दरडावलं की मत गुप्त म्हणजे गुप्त. किसनभाऊ उठले, धोतर झटकलं. बाईंशी ते काही बोलले नाहीत. जाताना मला म्हणाले, "सोमवारपासून येईन पोरगी."

आणि बाईंनी शिक्षा भोगली. मन लावून, काटेकोर. स्वतः मागून आणलेली खोली, स्वतः रंगवलेली पाटी, आणि बाई रोज उंबऱ्याशी उभ्या राहून विचारत, "येऊ काय?" पोरं सुरुवातीला लाजत, पटकन 'या, या' म्हणत. पुढे त्यांनाही त्या शब्दाचं वजन कळलं. कधी म्हणत, "थांबा बाई, आमचं बोलनं चालू हाय," आणि बाई उन्हात थांबत. त्यातच एकदा तपासणीचे साहेब आले, तेच, हौदातल्या चहाचे. बाई त्यांना खोली दाखवायला घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. आतून आवाज आला, "थांबा!" साहेबांनी टोपी काढून घाम पुसला, विचारलं, "बाई, हा काय प्रकार आहे?" बाई हसून म्हणाल्या, "मी सजेवर हाय, साहेब. तुमाले घाई असन तं तुमी इचारून पाहा." साहेबांनी खरंच विचारलं. त्यांनाही थांबावं लागलं.

चिठ्ठीचं गाव बंद झालं नाही, पण बदललं. चिठ्ठ्या आता पोरं लिहीत. खेळायचं की नाही ते आधी प्रत्येकाला विचारत. रेघ कधीच ओढली गेली नाही. दर वेळी एक चिठ्ठी बाईही काढत. डबा वर्षभर सुजाताकडे होता.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली. मी मुद्दाम खोलीकडे गेलो. बाई उंबऱ्याशी उभ्या. "येऊ काय?" पोरं हसायला लागली. "बाई, सजा संपली तुमची!" बाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "सजा संपली. इचारनं कायले संपीन?" त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती सवय सोडली नाही. दुसऱ्या कोणत्याही वर्गात, शिपायाच्या खोलीतसुद्धा, त्या विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसत. आम्ही शिक्षक चेष्टा करायचो. पण चेष्टा करता करता माझ्याही तोंडी ते कधी आलं, मला कळलं नाही. माझी बायको अजून म्हणते, आपल्याच घरात दारावर टकटक करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दोन वर्षांनी, एप्रिलात, बाई निवृत्त झाल्या. दहावीची नवी परीक्षा नुकतीच सुरू झाली होती, सुजाता तिला बसून मोकळी झाली होती, तरी त्या दिवशी आली होती. मैदानात सत्कार झाला. हार, नारळ, शाल. मुख्याध्यापकांनी बाईंच्या सेवेचं गुणगान केलं, खटल्याचा विषय मात्र शहाणपणाने टाळला. बाई उत्तराला उठल्या आणि म्हणाल्या, "साहेबायनं एक सांगाचं सोडलं. मले पोरायनं एकदा दोषी ठरवलं होतं. तीस वर्सं शिकवलं, तवा तेवढं एक शिकवनं बराबर जमलं." मुख्याध्यापक टाळ्या वाजवाव्यात की नाही या विचारात राहिले, तोवर मैदानभर टाळ्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या रिठदला जाणार होत्या, म्हाताऱ्या आईकडे. कार्यक्रम आटोपल्यावर खोलीची किल्ली माझ्याकडे द्यायची म्हणून त्या मागच्या बाजूला निघाल्या. मी बरोबर होतो. पोरं आमच्या आधी तिथे जाऊन बसली होती, सगळ्या वर्गांची, भिंतीपासून भिंतीपर्यंत दाटीवाटीने. दारापाशी सुजाता. बाई उंबऱ्याशी थांबल्या, खांद्यावरची शाल सावरली आणि रोजच्या आवाजात विचारलं, "येऊ काय?"

कोणीच 'या' म्हणालं नाही. मला वाटलं, पोरांना रडू आलं असेल. बाई थांबल्या. दोन वर्षं थांबायची सवय झालेली, त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मग सुजाता म्हणाली, "नाही, बाई." बाईंचा चेहरा एकदम उतरला. सुजाता पुढे म्हणाली, "रोज तुमीच येता. आज आमी तुमच्याकडं बायेर येतो म्हनतो. येऊ काय?"

काळबांडे बाईंनी शालीचा काठ दातात धरला. पोरं थांबली. सगळ्यात पुढचं पोरगं पाय उचलून तसंच उभं होतं, पण टेकवत नव्हतं. बाईंनी होकाराची मान हलवली, तेव्हा कुठे त्याने तो पाय उंबऱ्याबाहेर टाकला.